गावच्या माळावर सौर प्रकल्प येतोय: कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला की चावडीवर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर तेच ते प्रश्न फिरू लागतात. लोकांनी कळवलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधल्या प्रकल्पांना धरून आहेत, कारण सध्या गावोगावी जे प्रस्ताव येतात ते बहुतेक याच योजनेतले असतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. शेताला दिवसा पाणी मिळणे ही या जिल्ह्याची जुनी गरज आहे आणि त्यासाठी हे प्रकल्प यायला हवेत. मात्र ते योग्य जागेवर, ग्रामसभेत उघड चर्चा होऊन आणि सगळ्या अटी कागदावर घेऊनच आले पाहिजेत.

1. हा प्रकल्प म्हणजे नेमकं काय? शेतात बसवतात त्या सोलर पंपासारखंच का?

नाही, दोन्ही योजना वेगळ्या आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत एका शेतकऱ्याच्या विहिरीवर किंवा बोअरवर त्याच्यापुरती पॅनेल आणि पंप बसतो. सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते.

सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या मोकळ्या जागेवर हजारो पॅनेल बसवून सामूहिक वीजनिर्मिती होते. ती वीज जवळच्या महावितरणच्या सबस्टेशनला जाते आणि तिथून शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या लाईनवर, सोडली जाते. तुमची मोटार, पेटी, जोडणी तीच राहते. ही योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 मध्ये तिची दुसरी, मोठी आवृत्ती आली. या आवृत्तीतला राज्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. तो 3 मेगावॅटचा आहे.

2. आम्हाला याचा सगळ्यात मोठा फायदा कोणता?

दिवसा थ्री फेज लाईट. बाकीचे सगळे फायदे याच्या मागून येतात.

शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळीने मिळत आली आहे. रात्रीची पाळी म्हणजे काय हे उसाच्या फडात दारं धरणाऱ्याला सांगावे लागत नाही. बॅटरीच्या उजेडात सरीतून चालताना घोणस, मण्यार पायाखाली येते. राधानगरी, भुदरगड, आजरा, पन्हाळा, शाहूवाडी या पट्ट्यात गवे रानात उतरतात, आजरा-चंदगडकडे हत्तीही येतो. ओल्या हातांनी पेटी उघडताना शॉक लागून माणसे गेली आहेत. मध्येच लाईट गेली तर पुन्हा मोटार चालू करायला कुणीतरी नदीकाठी थांबून राहावे लागते.

याचा भार घरातल्या बाईवरही पडतो. नवरा रात्री रानात गेला की तिची झोप जाते, आणि सकाळची धार, डबे, वैरण काही चुकत नाही. ज्या घरात पुरुष कामासाठी बाहेरगावी असतो तिथे रात्रीची पाळी तिच्यावरच येते, नाहीतर गड्याला जादा पैसे मोजावे लागतात.

दिवसा पाणी पाजताना ते कुठे फुटते, कुठे तुंबते हे डोळ्यांना दिसते. रात्री मोटार चालू करून घरी येऊन झोपायचे आणि सकाळपर्यंत सरी तुडुंब भरलेली, ही सवय आपल्याकडे जमीन चोपण व्हायला कारण ठरली आहे. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींकडे पाहिले की जादा पाण्याची किंमत कळते. वीज दिवसाची झाल्याने क्षारपड जमीन एकदम सुधारणार नाही, पण मोजून पाणी देणे त्यामुळे शक्य होते.

3. किती मेगावॅटला किती जागा लागते? त्यातून किती वीज होते?

1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर जागा लागते. त्यातून वर्षाला अंदाजे 15 लाख युनिट वीज मिळते. म्हणजे 4 मेगावॅटच्या प्रकल्पाला 16 ते 20 एकर, आणि वीज 60 लाख युनिटच्या आसपास.

हा आकडा मोटारींच्या हिशोबात पाहिलेला बरा. 5 एचपीची मोटार चालताना साधारण साडेचार किलोवॅट वीज ओढते. भर उन्हात 1 मेगावॅटच्या प्रकल्पावर अशा 200 च्या वर मोटारी एकाच वेळी चालू शकतात. सकाळी नऊला किंवा संध्याकाळी पाचला तेवढ्या चालणार नाहीत. त्या वेळची तूट कशी भरून निघते ते पुढच्या उत्तरात आहे.

4. ढग आले की लाईट जाणार का? आणि रात्री काय?

जाणार नाही. प्रकल्प सबस्टेशनला जोडलेला असतो आणि सबस्टेशन राज्याच्या ग्रिडला. उन्हाची वीज कमी पडली की उरलेली ग्रिडमधून येते. रात्री प्रकल्प काहीच देत नाही, तेव्हा घरांना आणि गावाला लागणारी वीज नेहमीसारखी ग्रिडचीच असते.

याची एक उलट बाजूही आहे. ग्रिडची लाईन बंद पडली तर भर दुपारी ऊन असूनही प्रकल्प बंद होतो. लाईनवर वायरमन काम करत असताना सौर प्रकल्पाने वीज सोडली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज लाईनला जुळवून देणारे यंत्र) आपोआप बंद होतो. ‘प्लेटा समोर आहेत, ऊन आहे, तरी लाईट का नाही?’ असे पुढे कुणी विचारले तर त्याचे कारण हे आहे.

5. आपल्याकडे चार महिने पाऊस. मग इथे सोलर परवडतं तरी का?

परवडते, पण जिल्हाभर सारखे नाही. गगनबावड्याला वर्षाला 5 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला शिरोळकडे जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणून शिरोळ, हातकणंगले, कागलचा काही भाग, गडहिंग्लजचा पूर्व भाग इथले माळ प्रकल्पाला जास्त योग्य. पश्चिमेला घाटमाथ्यालगत ढग, धुके आणि उतार, तिन्ही आडवे येतात.

जून ते सप्टेंबर निर्मिती बरीच घटते हे खरे आहे. पण त्याच महिन्यांत आपल्या मोटारीही बंद असतात. पुराच्या भीतीने नदीकाठच्या मोटारी तर आपण वर काढूनच ठेवतो. पाण्याची खरी ओढ फेब्रुवारी ते मे या महिन्यांत असते आणि तेव्हाच ऊन भरपूर असते. आणखी एक गोष्ट, पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. फार तापले की त्याची निर्मिती थोडी घसरते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतल्या स्वच्छ, गार दिवशीही प्रकल्प चांगला चालतो.

6. प्रकल्प आमच्या गावात झाला म्हणजे माझ्या मोटारीला दिवसा लाईट मिळणारच ना?

गावाच्या नावावरून हे ठरत नाही, फिडरवरून ठरते. प्रकल्प ज्या सबस्टेशनला जोडला जातो त्याच्यावरच्या शेतीच्या फिडरना फायदा होतो. एकाच गावाच्या दोन शिवारांना दोन वेगवेगळ्या सबस्टेशनवरून लाईट येते असे आपल्याकडे सर्रास आहे. प्रकल्प तुमच्या हद्दीत आणि दिवसाची लाईट शेजारच्या गावाला, असेही घडू शकते. म्हणून ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा की वीज कोणत्या सबस्टेशनला जाणार आणि तिथून कोणकोणते फिडर निघतात. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरी गोष्ट डीपीची, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरची. 100 केव्हीएच्या डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी असतील तर वीज सौर असो की कोळशाची, दिवसा सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की डीपी जळणारच. प्रकल्पाबरोबर डीपीची क्षमता वाढवण्याची मागणी लावून धरा. चोरून टाकलेले आकडे आणि कागदावर 3 एचपी पण प्रत्यक्षात 5 एचपीची मोटार, हेही आपल्यालाच आवरावे लागेल.

7. गावातल्या घरांचं लाईट बिल कमी होणार का?

या प्रकल्पामुळे नाही, ही वीज शेतीसाठी आहे. घराच्या बिलासाठी ‘पीएम सूर्यघर’ ही छतावरच्या सोलरची वेगळी योजना आहे. तिच्यात 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान मिळते.

8. साडेसात एचपीपर्यंत वीज तर आधीच मोफत आहे. मग आम्हाला काय फरक पडतो?

बिलात फरक पडणार नाही, वेळेत पडेल. एप्रिल 2024 पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते आणि ही योजना मार्च 2029 पर्यंत आहे. पण मोफत वीज रात्री दोनला आली तर दारं धरायला रात्री दोनलाच जावे लागते.

लांबचा विचार केला तर दोन्हींचा संबंध आहे. या योजनेतल्या प्रकल्पांची वीज महावितरणला युनिटला 3 रुपयांच्या आसपास पडते आणि हा दर 25 वर्षांच्या करारात ठरलेला असतो. शेतीला वीज पुरवायचा खर्च जितका कमी, तितकी सवलत टिकण्याची शक्यता जास्त.

9. जमीन भाड्याने दिली तर किती पैसे मिळतात?

योजनेतला दर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये आहे, म्हणजे एकरी सुमारे 50 हजार. त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ धरली आहे. या हिशोबाने दहाव्या वर्षी एकरी सुमारे 65 हजार आणि पंचविसाव्या वर्षी 1 लाखाच्या थोडे वर होतात. जागा सबस्टेशनच्या जवळ असावी लागते. अंतर वाढले की लाईनचा खर्च आणि वीजगळती वाढते, म्हणून रस्त्यापासून आत, सबस्टेशनपासून लांब असलेल्या चांगल्या माळालाही नकार येतो.

हे उत्पन्न शेतीचे धरले जात नाही, त्यामुळे ते आयकराच्या हिशोबात येते. सही करण्याआधी सीएला विचारून घ्या. तसेच भाडे कोणत्या तारखेला जमा होणार, उशीर झाला तर व्याज किती, आणि बांधकाम सुरू होण्याआधीच्या महिन्यांचे भाडे मिळणार की नाही, हे तिन्ही मुद्दे करारात हवेत. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि जमीन अडकून पडते.

10. मग उसाची जमीनच देऊन टाकावी का? 25 वर्षांची कटकट गेली.

माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. नदीकाठच्या काळ्या जमिनीत चांगला शेतकरी एकरी 40 टन आणि त्यापुढे ऊस काढतो. खर्च वजा जाता हाती राहणारी रक्कम कमी-जास्त होईल, पण त्या जमिनीवर घरची वैरण निघते, सोसायटीचे पीककर्ज उभे राहते, कारखान्याचे सभासदत्व टिकते. भाड्याच्या आकड्यात हे काही धरलेले नसते. शिवाय अशी जमीन एकदा गेली की जिल्ह्यात दुसरीकडे कुठे तयार होत नाही.

खडकाळ माळ, वरकस रान, जिथे पावसावर एखादे नाचणी-भुईमुगाचे पीक येते आणि तेही रानडुकरे ठेवतील तेवढेच, तिथे एकरी 50 हजार ही मोठी आणि भरवशाची रक्कम आहे. वारस शहरात आहेत, कसायला कुणी नाही, अशा घरांनाही ती सोयीची पडते. जमिनीचा कस पाहून निर्णय घ्या. शेजाऱ्याने दिली म्हणून देऊ नका.

11. जमीन आमच्या नावावर राहील का? की कंपनी गिळंकृत करेल?

भाडेपट्टा म्हणजे विक्री नव्हे. 7/12 वर मालक तुम्हीच राहता, भाडेपट्ट्याची नोंद इतर अधिकारात होते. धोका असतो तो कराराच्या बारीक अक्षरांत. प्रकल्प उभारणारी कंपनी बँकेचे कर्ज काढतेच. त्या कर्जाला कंपनीचा भाडेपट्ट्याचा हक्क आणि यंत्रसामग्री तारण राहू शकते, तुमची मालकी नाही. हे वाक्य करारात शब्दशः असले पाहिजे.

कंपनी बदलली तर नव्या कंपनीवर तेच भाडे, त्याच अटी बंधनकारक आहेत, हेही लिहून घ्या. करार नोंदणीकृत हवा आणि मराठीत हवा. इंग्रजीतच असेल तर वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

12. 7/12 सामायिक आहे, किंवा जमीन देवस्थानची आहे. तरी देता येते का?

सामायिक खात्यात सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, बहिणींचीसुद्धा. 2005 च्या कायदा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. ‘तिची सही नंतर घेऊ’ म्हणून पुढे गेलेली प्रकरणे कोर्टात अडकतात आणि भाडे सगळ्यांचेच थांबते. भाडे थेट प्रत्येक हिस्सेदाराच्या खात्यावर जावे, एका भावाच्या खात्यावर नको. भाऊबंदकी टाळायचा हा सोपा उपाय आहे.

आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी खूप आहेत, कित्येकांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. अशी जमीन पिढ्यानपिढ्या कसत असलात तरी तुम्ही ती परस्पर भाड्याने देऊ शकत नाही. धरणग्रस्तांना मिळालेल्या किंवा इतर भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनींनाही आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. तलाठ्याकडून 7/12 बरोबर जुने फेरफार काढून पाहा. वर्ग बदललाय का, कुळाची नोंद आहे का, हे त्यातच कळते.

13. ग्रामपंचायतीला काय मिळतं?

योजनेत प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये, अशी 3 वर्षे, म्हणजे एकूण 15 लाख रुपये सामाजिक कामांसाठी आहेत. हे पैसे कशावर खर्चायचे हे ग्रामसभेने आधीच ठरवावे. माझी सूचना अशी आहे की गायरान प्रकल्पाला गेले असेल तर या पैशांवर पहिला हक्क त्या गायरानावर जनावरे चारणाऱ्यांचा आहे. त्यातून वैरणीची सोय आणि जनावरांच्या पाण्याचा हौद आधी व्हावा, कमान नंतर बघू.

14. गावातल्या पोरांना नोकऱ्या लागतील का?

बांधकामाच्या काही महिन्यांत काम भरपूर असते. खड्डे, पाया, सांगाडे जोडणे, केबल टाकणे, कुंपण. एकदा प्रकल्प सुरू झाला की काही मेगावॅटच्या प्लँटला मोजकीच माणसे पुरतात: राखणदार, गवत कापणारे, पॅनेल धुणारे आणि एखादा तंत्रज्ञ. कुणी शेकडो नोकऱ्यांचे आश्वासन देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आहेत ती कामे गावातल्यांनाच मिळावीत ही अट मात्र घालता येते. आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केलेली मुले-मुली गावात असतील तर त्यांची यादी ग्रामपंचायतीने स्वतःहून द्यावी. गवत कापणे आणि पॅनेल धुण्याचे काम महिला बचत गटाला ठेक्याने देता येईल, तशी मागणी करा.

15. गायरानावर प्रकल्प येतोय. आमची जनावरं कुठे जायची?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, आणि विचारणारे बहुधा ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही असे लोक असतात. दोन म्हशी, चार शेळ्या, एवढ्यावर घर चालते. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते त्यावर किराणा येतो. सरकारी दप्तरात ‘पडीक’ लिहिलेली जमीन त्यांच्यासाठी चाराकुरण, सरपण आणि शेण्या थापायची जागा असते.

कायद्याने गायरान शासनाचे आणि वापर गावाचा. गावाच्या सामाईक जमिनी राखल्या पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपाल सिंग निकालात ठामपणे सांगितले आहे. दुसरीकडे सौर योजनेसाठी सरकारी जमिनी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नाममात्र भाड्याने दिल्या जातात. गाव गप्प बसले तर नकाशावर जे मोकळे दिसते तेच निवडले जाते.

म्हणून ग्रामसभेत नुसता होकार किंवा नुसता नकार न देता गायरानाचा खरा वापर मांडा. किती जनावरे चरतात, कोणत्या वाटेने जातात, पाणवठा कुठे आहे, स्मशानाची वाट, देवाची जागा, पाझर तलाव, हे सगळे गटनंबरासह नकाशावर दाखवा. एकूण गायरानापैकी किती जाणार आणि किती राहणार हे मोजून घ्या. पूर्ण गायरान मागितले असेल तर त्याला विरोध करणेच योग्य, असे मला वाटते. थोडा भाग जात असेल तर जनावरांची वाट आणि पाणवठा कुंपणाच्या बाहेर ठेवणे, उरलेल्या भागात चारा लागवड, या अटी ठरावात घाला. गावात खासगी पडीक माळ देऊ इच्छिणारे शेतकरी असतील तर तो पर्याय त्याच ठरावात पुढे ठेवा. तसे झाले तर भाडेही गावातच राहते.

पश्चिमेकडच्या कातळ सड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. मसाई पठारासारखे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. पावसाळ्यात तिथे उगवणारी फुले आणि गवत दुसरीकडे होत नाही, आणि खालच्या झऱ्यांचे पाणीही तिथूनच मुरते. सडा म्हणजे रिकामी जागा नव्हे.

16. प्लेटांच्या खाली मेंढरं चारता येतील का?

येतात. जगात अनेक ठिकाणी सौर प्रकल्पातले गवत मेंढ्यांकडून चारूनच काढतात. कंपनीचा गवत कापायचा खर्च वाचतो, मेंढपाळाला चारा मिळतो. शेळ्यांना मात्र आत सोडत नाहीत, त्या उड्या मारून पॅनेलवर चढतात आणि केबल कुरतडतात. म्हशींना पॅनेलखालची उंची पुरत नाही. आपल्या भागातल्या धनगर वाड्यांशी बोलून ठरावीक महिन्यांत मेंढरे आत सोडायचा करार करता येईल. पॅनेलची खालची कड किती उंचीवर ठेवायची हे आराखड्यातच ठरते, म्हणून ही मागणी बांधकामाआधी करा.

17. प्लेटांमुळे उष्णता वाढते, पाऊस कमी होतो, किरणं बाहेर पडतात, हे खरं का?

पाऊस कमी होत नाही. पाऊस मोसमी वाऱ्यांवर आणि सह्याद्रीवर अवलंबून आहे, 20 एकरांतल्या काचांवर नाही. पॅनेल प्रकाश शोषून वीज करते, त्यातून घातक किरणे निघत नाहीत. पॅनेलच्या अगदी लगत दिवसा हवा थोडी गरम जाणवते, बांधापलीकडच्या पिकाला त्याने धक्का पोचत नाही. काचेवर प्रकाश परावर्तित होऊ नये असा लेप असतो, कारण जितका प्रकाश परत फिरेल तितकी वीज कमी. इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरचा गुणगुण आवाज येतो, तेवढा मात्र घरांपासून लांब ठेवायला सांगा.

18. प्लेटा धुवायला आमच्या विहिरीचं पाणी नेणार का? आणि पावसाचं पाणी आमच्या रानात घुसलं तर?

एका पॅनेलला एका वेळी दोन-एक लिटर पाणी पुरते. पावसाळ्यात धुवावे लागत नाही. तरीही 1 मेगावॅटला दोन हजारांच्या आसपास पॅनेल असतात, म्हणून पाणी कुठून घेणार हे करारात लिहिलेले असावे आणि गावाच्या पिण्याच्या योजनेतून ते घेता कामा नये.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. पॅनेलवर पडलेला पाऊस एका ओळीत खाली सांडतो. जमीन उतारावर असेल, झुडपे काढून सपाट केली असेल, तर आपल्याकडच्या पावसात ओघळ पडायला एक जुलै पुरतो. खालच्या शेतकऱ्याच्या बांधाचे नुकसान होते. समपातळीत चर, गवताचे आच्छादन आणि पाणी ओढ्याला नेणारा पक्का नाला आराखड्यात दाखवला आहे का ते पाहा. सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे हे तपासायला दुसरे कुणी येणार नाही, खालच्या बांधाच्या शेतकऱ्यांनीच ते पाहायला हवे.

19. जागा पूरपट्ट्यात आहे. चालेल का?

निळ्या पूररेषेच्या (बांधकामाला मनाई असलेल्या पूरक्षेत्राची हद्द) आत तर नाहीच. 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आले होते हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला ठाऊक आहे. तीच खूण अधिकाऱ्यांना दाखवा. पॅनेल उंचावर घेता येतील, इन्व्हर्टर, केबल आणि कुंपण यांचे काय? शिवाय पुराच्या वाटेत आडवे कुंपण आले की त्यात कचरा अडकून पाणी शेजारच्या वस्तीकडे वळते. पूरपट्ट्यातली जमीन बहुतेक उसाचीच असते, तेव्हा उत्तर 10 देखील वाचा.

20. आमची सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे. आम्हाला फायदा होईल का? उपसाबंदीचं काय?

वैयक्तिक मोटारीपेक्षा संस्थेचे गणित वेगळे असते. नदीवरून उपसा करणाऱ्या मोठ्या संस्थांची जोडणी उच्चदाबाची असते, मोटारी 7.5 एचपीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात आणि उत्तर 8 मधली मोफत योजना त्यांना लागू होत नाही. तुमची लाईन शेती फिडरवरून आहे की स्वतंत्र, हे बिलावरून आणि सबस्टेशनवरून पाहून घ्या. स्वतंत्र लाईन असेल तर गावच्या प्रकल्पाचा थेट उपयोग होणार नाही.

उपसाबंदी पाटबंधारे खाते नदीतल्या पाण्यावरून लावते, विजेवरून नाही. दिवसा लाईट आहे म्हणून बंदीत मोटार लावता येणार नाही. उलट एक नवी अडचण समोर ठेवतो. सगळ्यांना एकाच वेळी आठ तास दिवसा लाईट मिळाली की बंधाऱ्यावरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतील आणि दुपारपर्यंत डोहातले पाणी खाली जाईल. शेवटच्या टोकाच्या मोटारी हवा ओढू लागतील. याला उपाय विजेचा नाही. फिडरनुसार पाळ्या ठरवणे, उसाला ठिबक करणे, संस्थेने वेळापत्रक फळ्यावर लावणे, हे गावानेच बसून करायचे काम आहे.

21. 25 वर्षांनी त्या प्लेटांचं काय होणार?

पॅनेलची निर्मिती दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटते, त्यामुळे 25 वर्षांनीही ती निकामी झालेली नसतात. तरी करार संपला की ती कुणी, किती महिन्यांत आणि कुणाच्या खर्चाने काढायची हे आज लिहून घ्यायला हवे. सांगाडे, काँक्रीटचे पाये आणि जमिनीतली केबलसुद्धा निघाली पाहिजे, नाहीतर नांगर चालणार नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश आहे, म्हणजे ती भंगारवाल्याला विकून मोकळे होता येत नाही. वादळात, गारपिटीत फुटलेली पॅनेल ओढ्याकाठी टाकली जात नाहीत ना यावर पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा.

22. एक जण म्हणतो, पैसे भरा, तुमची जमीन सोलरला लावून देतो. भरावे का?

नाही. जमीन देण्याचा अर्ज योजनेच्या अधिकृत पोर्टलवर करता येतो आणि शंका असेल तर महावितरणच्या विभागीय कार्यालयात जाऊन विचारता येते. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा हातात रोख पैसे देऊ नका, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर सही करू नका, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी सांगू नका. ‘आज सही केली तरच’ असे कुणी म्हणाले तर त्या दिवशी सही करायचीच नाही.

23. ग्रामपंचायतीने ठराव आधीच देऊन टाकलाय, आम्हाला पत्ताच नव्हता. आता काय करता येईल?

आधी पाहा की ठराव मासिक सभेचा आहे की ग्रामसभेचा. मासिक सभेत फक्त सदस्य असतात. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती गणसंख्या लागते. इतिवृत्ताची आणि हजेरीची प्रत मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करा, उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

त्यानंतर विशेष ग्रामसभेची लेखी मागणी करा आणि तिच्या आधी महिला सभा लावायला सांगा, कारण वैरण, सरपण आणि रात्रीच्या पाळीचे प्रश्न तिथेच मोकळेपणाने मांडले जातात. नव्या ठरावात नुसते ‘विरोध’ लिहू नका. कोणता गटनंबर नको, कोणता चालेल, कोणत्या अटींवर चालेल, हे उत्तर 6, 15 आणि 18 मधल्या मुद्द्यांसह लिहा. ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि महावितरण, तिघांनाही द्या आणि पोच शिक्क्यासह घ्या.